रिपोर्ट एकाचा, रक्त घराचं

साशंक : मॅडम, प्रत्येकाची जनुकं वाचायची आणि ज्याच्या त्याच्या अंगाला मानवेल तेच औषध त्याला द्यायचं, ही तुमची कल्पना चांगलीच आहे. माझा आक्षेप तिच्या चांगुलपणाला नाही, तिच्या नंबराला आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२४ साल उजाडलं. मधली सगळी वर्षं अवघड केस आली की आम्ही चिठ्ठी लिहायचो, अकोल्याला न्या. अकोल्यानं हात टेकले की नागपूर. मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावरची बाई बीपीची गोळी घ्यायला यायची. महिन्याची गोळी एकदम मिळाली तर खूश होऊन जायची, कारण दोनदा यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. सगळ्यांना एकच असलेली गोळी जिथं सगळ्यांपर्यंत पोचायची मारामार, तिथं माणसागणिक वेगळ्या गोळीची भाषा मला भरल्या घरची वाटते. आधी टीबी, बाळंतपण, बायकांचं रक्त वाढवणं. मग तुमची जनुकं.

उत्साही : भाऊ, तुमच्या त्या ‘मग’मधलं काम तुमच्याच नोकरीत सुरू झालं आणि तुमच्याच हातून झालं. दोन आठवड्यांचा खोकला घेऊन माणूस आला की तुम्ही त्याच्या थुंकीचा नमुना ट्रूनॅटला किंवा सीबीनॅटला पाठवायचा. ते मशीन काय करतं? टीबीच्या जंतूच्या एका जनुकात, आरपीओबी त्याचं नाव, बदल झालाय का ते बघतं. झाला असेल तर रिफॅम्पिसिन लागू पडणार नाही, औषधांचा संच बदला. पूर्वी हेच कळायला जंतू प्रयोगशाळेत वाढवावा लागे, त्यात आठवडेच्या आठवडे जात, आणि तोवर पेशंट निरुपयोगी गोळ्या खात राही, घरच्यांना लागण देत राही. आता निकाल काही तासांत येतो. ट्रूनॅट बनवणारी कंपनी आपल्या शेजारच्या गोव्यातली आहे. जनुक वाचून औषध ठरवायचं हे काम आपल्याकडे रोज होतं. त्याला कुणी चैन म्हणत नाही, कारण त्याला कुणी मोठं नाव दिलं नाही. तुम्ही सांगितलेल्या यादीत टीबी पहिला होता ना? मग पहिल्याच नंबरावर जनुक बसलेलं आहे.

साशंक : उदाहरण हुशारीनं काढलंत, पण मेख त्यातच आहे. ते जनुक जंतूचं. जंतूला जात नाही, भावकी नाही, त्याच्या बहिणीचं लग्न अडत नाही. रिपोर्ट आला, गोळ्या बदलल्या, विषय संपला. माणसाच्या जनुकाचा रिपोर्ट आला की विषय तिथून सुरू होतो. सिकलसेलचंच घ्या. महाराष्ट्रात २००८-०९ पासून त्याचा कार्यक्रम आहे. आधी सोल्युबिलिटी टेस्ट. ती पॉझिटिव्ह आली की एवढंच कळतं की रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे. तो एका बाजूनं आलाय की दोन्ही बाजूंनी, हे कळायला नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला नाहीतर एचपीएलसीला पाठवायचा. एएस निघाला तर वाहक, पिवळं कार्ड. एसएस निघाला तर रुग्ण, लाल कार्ड. लोकही आता तसंच बोलतात, ‘पोरीचा एएस पॅटर्न निघाला.’ पण पिवळं कार्ड हाती पडल्यावर ‘औषध काय’ असं विचारणारे थोडे. बाकीच्यांचा प्रश्न एकच, ‘आता सोयरिकीचं काय?’ वाहक धडधाकट असतो, त्याला औषध लागत नाही, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगायचो. कार्ड मात्र सरकारी, रंगाचं, नावानिशी. त्यापुढं माझं सांगणं किती टिकणार? आणि घरात एसएस लेकरू जन्मलं की बोल आईला. दोन्हीकडून एकेक एस आल्याशिवाय एसएस होत नाही, म्हणजे बापही बरोबरीचा वाटेकरी, हे पाटीवर काढून दाखवलं तरी सासूच्या गळी उतरत नाही.

उत्साही : हा दोष माहितीचा नाही, ती अर्धीच वापरल्याचा आहे. कार्ड वाटलं आणि उपचार वाटला नाही, तर लोक त्या कार्डाचा जो उपयोग त्यांना ठाऊक आहे तोच करणार. म्हणून मी सिकलसेलकडे उलट्या बाजूनं बघते. आपल्याकडे सापडणाऱ्या एसच्या आजूबाजूची जनुकीय ठेवण आफ्रिकेतल्या एसपेक्षा वेगळी आहे. तिला अरब-भारतीय ठेवण म्हणतात. या ठेवणीच्या लोकांत गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, मोठेपणीही जास्त उरतं. ते पेशीत असलं की एस एकमेकांना चिकटत नाही, पेशी विळ्यासारखी वाकत नाही. एकाच एसएस पॅटर्नच्या दोन लेकरांपैकी एक शाळेत धावतं आणि दुसरं महिन्याला हाडं दुखतात म्हणून भरती होतं, याचं एक कारण हे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नेमकं तेच एचबीएफ वाढवतं. परदेशात त्याचा डोस अंगाला सोसेल तिथवर वाढवत नेतात आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासत राहतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर आजारी मुलांना दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम असा कमी, ठरावीक डोस देऊन पाहिला. २०१२ साली ते काम प्रसिद्ध झालं. मुलांचं दुखणं कमी झालं, रक्त चढवायची वेळ कमी आली. आता विचार करा, कमी ठरावीक डोस म्हणजे तपासण्या कमी, आणि तपासण्या कमी म्हणजे रिसोडच्या मुलाला वारंवार नागपूर गाठायला नको. आपल्या लोकांच्या रक्ताप्रमाणे औषध बसवणं म्हणतात ते हेच.

साशंक : तुम्ही माझीच बाजू मांडलीत, फक्त शेवट बदलला. ती अरब-भारतीय ठेवण सापडल्यावर पुस्तकांनी काय लिहिलं? भारतातला सिकलसेल सौम्य असतो. आणि त्याच नागपुरात जन्मापासून मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा काय दिसलं? विदर्भातल्या कितीतरी मुलांना तो मुळीच सौम्य नाही. म्हणजे जनुकाचा नकाशा सांगत होता ‘काळजीचं कारण नाही’ आणि वॉर्डातलं मूल कळवळत होतं. खरं कुणी ओळखलं, तर मुलाकडे बघणाऱ्या डॉक्टरांनी. माझी भीती अशी की जनुकाचा शिक्का बसला की डॉक्टर पेशंटकडे कमी बघतो. आणि जनुक कळलं म्हणजे उपाय कळला असंही नाही. लिनस पॉलिंगनं १९४९ मध्ये दाखवून दिलं की हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे. पुढं सात-आठ वर्षांत इन्ग्रॅमनं नेमकी चूक काढली : साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. जगात कुठल्याही आनुवंशिक आजाराचं मूळ इतकं लवकर, इतकं नेमकं सापडलं नव्हतं. आणि अमेरिकेत या आजारासाठी हायड्रॉक्सियुरियाला मान्यता मिळाली १९९८ मध्ये. मधे जवळजवळ पन्नास वर्षं. तेही औषध जनुकावरून शोधलेलं नाही, कॅन्सरच्या कपाटातलं जुनं औषध इकडं आणलेलं.

उत्साही : पन्नास वर्षं लागली यात रेणूपेक्षा रोगी कोण होते याचा भाग मोठा आहे, हे तुम्हीही जाणता. गरिबांचा आजार, काळ्यांचा आजार, आदिवासींचा आजार. पैसा कोण लावणार? ‘सौम्य’वाला मुद्दा मात्र मी मान्य करते. जनुकावरून सरासरी कळते, समोरचं मूल कळत नाही. पण काही ठिकाणी सरासरीचा प्रश्नच येत नाही. असेल तर आहे, नसेल तर नाही, आणि न बघता औषध दिलं तर माणूस हातचा जातो. मलेरियाचा व्हायवॅक्स जंतू यकृतात दडून बसतो, त्याला काढायला प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. ज्याच्या अंगात जी-६-पीडी हे विकर कमी आहे, त्याच्या तांबड्या पेशी या औषधानं फुटतात, लघवी काळी होते, रक्त झपाट्यानं उतरतं. कुष्ठरोगाच्या औषधांतल्या डॅप्सोननंही तेच होऊ शकतं. या विकराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून फटका पुरुषांना जास्त. एक साधी रक्ततपासणी हा धोका आधी सांगते.

दुसरं उदाहरण त्याहून आपल्या घरचं. ऑपरेशनच्या आधी नळी घालायला भूलतज्ज्ञ सक्सिनिलकोलीन देतात, ओटीत त्याला सगळे स्कोलिन म्हणतात. स्नायू काही मिनिटं ढिले पडतात आणि रक्तातलं एक विकर औषध तोडून टाकतं. ज्याच्यात ते विकर बनतच नाही, त्याचे स्नायू तासन्‌तास ढिले राहतात, श्वासाचेसुद्धा. व्हेंटिलेटर हाताशी असेल तर माणूस वाचतो. हा दोष आर्य वैश्य समाजात, आपण ज्यांना कोमटी म्हणतो त्यांच्यात, बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. आंध्र-तेलंगणात भूलतज्ज्ञ हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. हैदराबादच्या सीसीएमबीचे के. थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइक यांनी मिळून याचं कारण दाखवलं : थोड्या पूर्वजांपासून वाढलेला समाज, आणि कित्येक पिढ्या आपसांतच लग्नं. व्हेंटिलेटर नसलेल्या छोट्या ओटीत ही एक गोष्ट आधी कळणं म्हणजे एक जीव. आता म्हणा, ही भरल्या घरची गोष्ट आहे का?

(लेखकाला इथं मधे तोंड घालावंसं वाटतं. दवाखान्याच्या केसपेपरवर जातीचा रकाना असावा की नसावा, यावर आपल्याकडे सभा गाजवता येईल. पण स्कोलिन देण्याआधी ‘तुमच्यात आधी कुणाला भुलीचा त्रास झाला होता का’ एवढं विचारायला कुठल्याच रकान्याची गरज नसते, आणि घाईच्या सिझरमध्ये तेवढंही राहून जातं.)

साशंक : जीव वाचतो हे मान्य. पण तुमच्या उदाहरणात जनुक कुठं तपासलं? जात विचारली. कोमट्याला जात विचारली तर त्याचं काही बिघडत नाही. तो विचारणाऱ्याला दुकानाचं नावही सांगेल. आता हाच प्रश्न सिकलसेलच्या बाबतीत विचारा. शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं, तेव्हापासून विदर्भात हा आजार ठरावीक समाजांच्या नावानं ओळखला जातो. ज्यांनी शिवाशीव भोगली त्यांच्याच रक्तात दोष, असं बोलायला लोकांना निमित्त मिळालं. एस ही मलेरियाच्या मुलखात टिकून राहिलेली गोष्ट आहे. एक एस असला की मलेरियानं लेकरू मरायची शक्यता कमी होते, म्हणून जिथं मलेरिया दाट तिथं एस दाट. त्यात जातीचं काही नाही, जंगलाचं आणि डासाचं आहे. हे सांगायला मात्र कार्यक्रमात वेळ ठेवलेला नसतो. वाशिमला आंध आहेत, पारधी आहेत, बौद्ध आहेत, बंजारा आहेत. तपासणीचं पथक कुठल्या वस्तीत आधी जातं आणि कुठल्या वस्तीत जातच नाही, हे गावाला न सांगता कळतं. अमेरिकेत हेच झालं. सत्तरच्या दशकात काळ्या लोकांची सरसकट तपासणी झाली, वाहक आणि रुग्ण यांत लोकांनी गल्लत केली, आणि त्यांच्या हवाई दलाच्या अकादमीत निव्वळ वाहक असलेल्या मुलांना १९८१ पर्यंत दार बंद होतं.

उत्साही : मग जातीच्या जागी तपासणी आणा, मी तेच म्हणते आहे! जात ही अंधारातली चाचपणी आहे. कोमटी म्हटलेल्या बहुतेकांना स्कोलिन चालतं, आणि कोमटी नसलेल्या एखाद्याला चालत नाही. विकर मोजलं की आडनाव विचारायची गरज उरत नाही. जनुकाची माहिती वाढेल तशी जातीची गरज कमी होईल.

साशंक : असं झालं तर मी पेढे वाटीन. पण तुमच्या माहितीचं कोठार कसं भरतंय ते बघा. जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार लोकांचे जीनोम वाचले, जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली, फरिदाबादच्या केंद्रात ठेवली आहे. माणसं निवडली कशी? ८३ समाजगटांतून. विज्ञानाच्या दृष्टीनं बरोबरच आहे, आपल्याकडे लग्नं गटातच होतात तर नमुना गटागटानंच घ्यावा लागणार. पण मग निष्कर्षही गटागटानंच येणार. पुढच्या दारातून जात बाहेर काढली, मागच्या दारातून ती संगणकात बसली. तिथून ती विम्याच्या कचेरीत जाणार नाही, याची हमी कुणाची?

उत्साही : त्यावर काही झालंच नाही असं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं की आजार आनुवंशिक आहे एवढ्या कारणावरून विम्याचा दावा सरसकट नाकारणं हा भेदभाव आहे. विमा नियामकानंही कंपन्यांना तशी सूचना काढली.

साशंक : ते प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात जनुकीय माहितीला वेगळं, जास्तीचं संरक्षण नाही. तुमचा मोबाइल नंबर आणि तुमचा डीएनए एकाच पंगतीत. अमेरिकेनं २००८ मध्ये निदान नोकरी आणि आरोग्यविम्यापुरता स्वतंत्र कायदा केला, आपल्याकडे तेवढाही नाही. पण खरं सांगू का मॅडम, मला कंपनीची भीती दुय्यम वाटते. आपल्या गावात माहिती फुटायला संगणक लागत नाही. तपासणीची यादी आशाताईच्या वहीत असते, आणि आशाताई कुणाची तरी सून, कुणाची तरी जाऊ असते. ती बाई प्रामाणिक असेल, तोंडातून अवाक्षर काढणार नाही. पण ती कोणाच्या दारात दुसऱ्यांदा गेली, हे सगळी गल्ली बघते.

उत्साही : मग लग्नाच्याच प्रश्नाला तोंड देऊ. लोक त्यासाठीच कार्ड वापरतात म्हणता, तर ते नीट वापरायला शिकवू. पत्रिका जुळवण्याआधी रक्त जुळवा, हे आपण डिसेंबरमधल्या सिकलसेल सप्ताहात दरवर्षी सांगतो. दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची. हे आधी कळलं तर वाईट काय?

साशंक : ग्रीसमध्ये ऑर्कोमेनॉस नावाच्या भागात हे करून झालंय, सत्तरच्या दशकात. सगळ्यांना तपासलं, सगळ्यांना सांगितलं, लग्नं जुळवताना बघा म्हटलं. झालं काय, तर वाहकांवर बट्टा बसला. त्यांनी ते लपवून लग्नं केली, आणि वाहकाशी वाहकाची लग्नं काही थांबली नाहीत. माणसाला ठेच लागेल अशी माहिती दिली की तो ती पहिल्यांदा लपवतो, उपयोग नंतर.

उत्साही : आणि त्याच भूमध्य समुद्रातलं सायप्रस? तिथं थॅलेसेमिया घरोघर होता. १९८० च्या दशकात चर्चनंच लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली आणि थॅलेसेमियाची नवी मुलं जन्मायची जवळजवळ थांबली. गंमत म्हणजे वाहक-वाहक लग्नं तिथंही मोडली नाहीत. जोडप्यांनी लग्न केलं आणि गरोदरपणी गर्भाची तपासणी करून घेतली. न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू समाजातला तिसरा मार्ग बघा. तिथंही लग्नं आपल्यासारखी ठरवूनच होतात. ‘दोर येशोरीम’ ही संस्था १९८३ पासून तरुणांचं रक्त तपासते, पण कोण वाहक हे त्या तरुणालासुद्धा सांगत नाही. प्रत्येकाला एक नंबर. स्थळ आलं की दोन्ही नंबर कळवायचे, उत्तर एवढंच : जुळतं किंवा जुळत नाही. कार्ड नाही, रंग नाही, आशाताईच्या वहीत नाव नाही. हे वाशिमला का होऊ नये?

साशंक : युक्ती मला आवडली. पण आपल्याकडे ‘जुळत नाही’ आलं की दोन्ही घरांना त्याच क्षणी कळतं की दोघंही वाहक. पोराकडचे बोलणार नाहीत, त्यांचं झाकून जाईल. पोरीचं नाव चार गावांत फिरेल. सायप्रसचं तर तुम्ही अर्धंच सांगितलं. तिथं गर्भाची तपासणी आवाक्यात होती आणि तिचा निकाल नकोसा निघाला तर पुढचा रस्ता कायद्यानं मोकळा होता. आपल्याकडे ती तपासणी दहाव्या-अकराव्या आठवड्यात करायची तर आधी बाईनं तेवढ्यात दवाखान्यात आलं पाहिजे, मग नवऱ्याचं रक्त तपासून झालं पाहिजे, मग मोठ्या शहरातल्या केंद्राची तारीख मिळाली पाहिजे. सोयाबीनच्या सोंगणीत हे सगळं जमवून दाखवा. आणि जमलंच, तर तुम्ही उपचार कुणावर केला? कुणावरच नाही. एक रोगी जन्माला येऊ दिला नाही, एवढंच. १ जुलै २०२३ ला शहडोलला राष्ट्रीय अभियान सुरू झालं, सात कोटी लोक तपासायचे आणि २०४७ पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन करायचं. देवीचं निर्मूलन झालं ते जंतू संपवून. इथं काय संपवायचं आहे? आज जो एसएस पोरगा बारावीत शिकतोय, त्यानं भिंतीवर ते वाचलं तर त्यानं काय समजावं?

उत्साही : भाऊ, हा प्रश्न मलाही टोचतो. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सगळं आयुष्य या लोकांसाठी घातलं, त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्यांच्या रेट्यामुळंच २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आला. तो कायदा म्हणतो, हे लोक आहेत, राहतील, त्यांना हक्क द्या. अभियान म्हणतं, पुढं असे लोक नसावेत. मी डॉक्टर म्हणून दोन्ही बाजूंनी सही करते. पण यातून तपासणीच नको असा अर्थ काढू नका. एसएस बाळ जन्मतः ओळखलं, त्याला पेनिसिलिन दिलं, न्यूमोनियाची लस दिली, ताप आला की लगेच आणा म्हणून आईला शिकवलं, तर ते पाचव्या वर्षापर्यंत जगायची शक्यता खूप वाढते. तेही सोल्युबिलिटीनं होत नाही. तान्ह्याच्या रक्तात एचबीएफच जास्त असतं, ती टेस्ट फसते. त्याला टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन एचपीएलसीच लागते. म्हणजे जास्त चांगलं तंत्रज्ञान, कमी नव्हे. ब्रिटन-अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झालेला, २२ लाख डॉलरचा जनुक-संपादनाचा उपचार मी मागतच नाही. तोसुद्धा शेवटी एचबीएफच वाढवतो. तेच काम थोडंफार करणारी कॅप्सूल आपल्या कपाटात आहे. ती कुणाला हवी हे कळायला तरी तपासावंच लागेल.

साशंक : कपाटात आहे, हे वाक्य मी फार वेळा रजिस्टरमध्ये लिहिलंय. कधी ते खरं असायचं. असो. तुम्ही जे आत्ता बोललात त्यातून मला एक फरक दिसतो, तो आधी इतका स्वच्छ दिसत नव्हता. काही माहिती चिठ्ठीवर येऊन थांबते : जी-६-पीडी कमी, प्रायमाक्विन जपून, स्कोलिन नको, एसएस आहे, कॅप्सूल चालू. ज्याची तपासणी त्याचाच फायदा. अशी माहिती तुम्ही हवी तितकी गोळा करा, मी पथकात येतो. दुसरी माहिती चिठ्ठीवर थांबत नाही. वाहकाची. त्याला काही होत नाही, त्याला काही द्यायचं नाही, ती फक्त त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी, न जन्मलेल्या मुलासाठी, आणि न विचारता त्याच्या भावा-बहिणीसाठी असते. पहिलीला तुम्ही व्यक्तीप्रमाणे उपचार म्हणा. दुसरीत व्यक्ती कुठं आहे?

उत्साही : फरक बरोबर आहे, पण रक्त तुमचा फरक पाळत नाही. एकाच थेंबात दोन्ही प्रकारची माहिती येते. एसएस बाळ सापडलं की त्या क्षणी आई-बाप दोघांत एस आहे हे मला कळलं, त्यांनी तपासून घेतलं असो वा नसो. टाटा हॉस्पिटलात कॅन्सर झालेल्या एखाद्या बाईला बीआरसीए जनुकातला बदल सापडला की तिच्या औषधाचा निर्णय होतो, आणि तिच्या बहिणीला, लेकीलाही तो असू शकतो हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं. त्या बहिणीला सांगायचं नाही? तिला गाठ लागल्यावर कळू द्यायचं? पहिली माहिती घेऊन दुसरीकडे पाठ फिरवणं मला जमणार नाही.

साशंक : बीआरसीएच्या बहिणीला सांगून तिच्यासाठी काही करता येतं, वेळेवर तपासणी, वेळेवर ऑपरेशन. तिला सांगा. वाहक मुलीला सांगून तिच्यासाठी काय करता? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी कामाच्या सुरुवातीला सिकलसेल शोधून काढला होता. शोध खरा होता, पण लोकांना त्यात रस नव्हता. ती आपली गरज होती, त्यांची नव्हती, हे डॉ. बंगांनी पुढं स्वतःच जाहीर सांगितलं. मग त्यांनी लोकांना विचारून काम ठरवलं. मला वाटतं वाहकाच्या बाबतीत आपण अजून त्या पहिल्या पायरीवरच आहोत.

उत्साही : लोकांनी विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही, हा नियम मी बीपीला लावला तर निम्मे पेशंट लकव्यानं येतील. आणि गडचिरोलीत ते त्या काळात विचारत नव्हते. आज आपल्याकडे पहिलं एसएस लेकरू झालेली आई दुसऱ्या खेपेला स्वतः येऊन विचारते, ‘याही पोटातलं तसंच आहे का?’ तिला पहिल्या खेपेआधी सांगायला आपल्याकडे सगळं होतं. शाळेत नववीत असताना तिचं रक्त घेतलं होतं, रिपोर्टही आला होता. तिला तेव्हा सांगितलं नसेल तर तिच्या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ?

साशंक : आणि सांगितलं असतं तर नववीतच तिच्या नावावर ते लागलं असतं. संमतीच्या कागदावर सही तिच्या बापाची असते, रक्त तिचं असतं, आणि रिपोर्ट वर्गशिक्षकाच्या हातून येतो. तुम्ही म्हणता ते मूल टाळता आलं असतं. मी म्हणतो ते लग्नच टळलं असतं, कदाचित तिला हवं असलेलं. अठरा पूर्ण झाल्यावर, तिच्या एकटीच्या हातात, तिनं मागितला तर द्या, असं ठरवा.

उत्साही : वाशिममधल्या किती मुलींची लग्नं अठराची वाट बघतात भाऊ? आणि ज्या बघतात, त्यांचं ठरतं त्या दिवशी त्यांना एकटं कोण भेटू देतं?

साशंक : म्हणून तर म्हणतो, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

उत्साही : प्रयोगशाळा बंद ठेवूनही सुटणारा नाही. तुम्ही तो दिवस मला नेमून द्या. नववीत नाही, लग्न ठरल्यावर नाही, पहिल्या बाळानंतर तर नाहीच. मधला कुठला तरी दिवस, ज्या दिवशी ती ऐकू शकेल आणि तिचं ऐकलं जाईल.